उत्तर अंदमानचे पैसे घेतले आणि पोर्ट ब्लेअर फिरवून परत आणलं

दिवाळी झाली की सोलापुरात अंदमानच्या सहलींच्या जाहिराती लागतात. सेल्युलर जेलचं दर्शन घ्यावं ही ओढ मराठी घरात आधीपासूनच असते. अलीकडे तिच्या जोडीला आणखी एक गोष्ट विकली जाते: गर्दीपासून लांबचं, जंगलाचं आणि खेड्यांचं अंदमान. डिगलीपूर, सॅडल पीक, रॉस आणि स्मिथ बेटं, मायाबंदरजवळची करेन लोकांची वस्ती. या जागा खऱ्या आहेत आणि तिथे जायलाच हवं इतक्या सुंदर आहेत. म्हणूनच त्यांच्या नावावर चाललेली लूट जास्त संताप आणते. जुळे सोलापूर आणि होटगी रोड भागातल्या ज्येष्ठांच्या एका गटाला ती कशी लागू झाली, ते इथे मांडलं आहे. एजंटाचं नाव देत नाही. ही पद्धत वापरणारा तो एकटा नाही, त्यामुळे पद्धत ओळखता येणं जास्त गरजेचं आहे.

सौदा असा होता: आठ रात्री, नऊ दिवस, सोलापूर ते सोलापूर, हैदराबादपर्यंत रेल्वे आणि पुढे विमान, माणशी ४६,००० रुपये. छापील कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी बाराटांग, रंगत, मायाबंदर आणि "संध्याकाळी डिगलीपूरचा समुद्रकिनारा" होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सॅडल पीक, दुपारी रॉस आणि रात्री मुक्कामाला परत पोर्ट ब्लेअर. त्यानंतर हॅवलॉक आणि नील ही बेटं. कागदावर नकाशा कुठेच नव्हता. तो असता तर हा कार्यक्रम तिथेच कोसळला असता.

पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) ते डिगलीपूर हे अंतर रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता एकच, अंदमान ट्रंक रोड. जिरकाटांगच्या नाक्यापासून मिडल स्ट्रेटपर्यंतचा जवळपास पन्नास किलोमीटरचा टप्पा जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, मध्ये थांबणं नाही, ओव्हरटेक नाही. मिडल स्ट्रेटला गाडी बार्जवर (गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीवर) चढवून खाडी ओलांडावी लागते. सकाळी सहाचा पहिला ताफा गाठायचा तर शहरातून साडेतीन-चारलाच निघावं लागतं, आणि तरीही डिगलीपूरला पोचेपर्यंत दहा ते बारा तास जातात. वाटेत बाराटांगच्या चुनखडी गुहा बघायच्या म्हटलं तर अर्धा दिवस त्यातच संपतो: खारफुटीच्या खाडीतून स्पीडबोट, मग जंगलातून पायी, मग तसंच परत. एका दिवसात चार ठिकाणं आणि शेवटी किनाऱ्यावरची संध्याकाळ हे होऊच शकत नाही. शिवाय डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सोलापूरच्या हिशेबाने सहाच्या सुमारास सूर्यास्त धरणाऱ्याने बेट पाहिलेलं नाही, हे तिथेच कळतं.

सॅडल पीकचंही तसंच. ७३२ मीटरचं हे अंदमानातलं सर्वांत उंच शिखर राष्ट्रीय उद्यानात आहे. कालीपूरजवळच्या लमिया बेपासून वाट सुरू होते. आधी किनाऱ्याने चालायचं, मग दमट जंगलातून चढ. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, वाटाड्या घेऊन पहाटे निघालं तरी चढून उतरायला अख्खा दिवस लागतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाने ही वाट धरू नये. साठीच्या पुढच्या मंडळींना "सकाळी सॅडल पीक" विकणाऱ्याला ते करायचंच नव्हतं.

मग प्रत्यक्षात काय झालं? नावं तीच राहिली, जागा बदलल्या. रॉस नावाची दोन बेटं होती. एक पोर्ट ब्लेअरच्या समोर, होडीने दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे इंग्रजांच्या जुन्या इमारतींचे अवशेष आहेत आणि २०१८ पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. दुसरं डिगलीपूरच्या एरियल बे धक्क्यावरून जायचं, स्मिथ बेटाशी वाळूच्या पट्ट्याने जोडलेलं. भरतीत तो पट्टा पाण्याखाली जातो आणि ओहोटीत दोन्ही बेटांमध्ये चालत जाता येतं. जाहिरातीतला फोटो याच पट्ट्याचा होता. कार्यक्रमात मात्र फक्त "रॉस" लिहिलं होतं, आणि दाखवलं ते शहरासमोरचं. सॅडल पीकच्या जागी माउंट हॅरिएटला नेलं (२०२१ पासून माउंट मणिपूर). तेही छान आहे, पण ते शहरापलीकडच्या काठावर आहे आणि वरपर्यंत गाडी जाते. जंगलातली पदयात्रा म्हणून चिडिया टापूच्या टेकडीवर दोन तास. खेड्यातला मुक्काम वंडूरकडच्या एका लॉजवर उरकला.

करेन वस्तीचं तर नावच निघालं नाही. १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून आणून मायाबंदर भागात वसवलेला हा समाज. वेबी हे त्यांचं जुनं गाव. लाकडी घरं, भातशेती, होड्या बांधायचं कसब. तिथे राहायचं तर आधी कळवून, त्यांच्या सोयीने जायला हवं. ती मांडणी करणारा माणूस मायाबंदरच्या मुक्कामाचं ठिकाण आणि फोन आधीच देतो.

प्रत्येक बदलाला कारण तयार होतं: ताफा बंद आहे, समुद्र खवळला आहे, परमिट आलं नाही. ही कारणं तपासता येतात. ताफा बंद असेल तर जिरकाटांगला कुठल्याच पर्यटक गाड्या सुटत नाहीत. हॉटेलच्या काउंटरवर किंवा शेजारच्या टॅक्सीवाल्याला विचारलं तरी पाच मिनिटांत कळतं. हवामान खात्याचा अंदमानसाठीचा इशारा मोबाइलवर दिसतो. भारतीय नागरिकाला पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांग, डिगलीपूर इथे जायला वेगळं परमिट लागत नाही, फक्त ओळखपत्र लागतं. रॉस-स्मिथला वनखात्याची परवानगी एरियल बेला जागेवर मिळते. खास पास लागतो तो निकोबारसारख्या आदिवासी राखीव भागांना, आणि तिथे पॅकेज टूर जात नाहीत.

यातला सर्वांत वाईट प्रकार "आदिवासी दर्शन". बाराटांगच्या आदल्या रात्री माणशी दीड हजार रोख मागितले गेले. असं कुणी मागितलं तर तिथेच स्पष्ट नकार द्या. जारवांचा फोटो काढणं, त्यांना खाऊ देणं, गाडी थांबवणं हे १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाखाली गुन्हे आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे एजंट घेतो, गुन्हा पर्यटकावर दाखल होतो. आणि आपल्या रोगांना प्रतिकार नसलेल्या माणसांच्या जवळ जाऊन आपण त्यांचं काय करून बसू, याचा विचार तरी करावा.

पैसे उकळण्याची रीत ठरलेली आहे. आधी माणशी दहा हजार. चार दिवसांनी "आजच भाडं कमी आहे" म्हणत निम्मी रक्कम, आणि पुरावा म्हणून सहा अक्षरांचा पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा क्रमांक, व्हॉट्सॲपवर. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. जागा काही काळ नुसती अडवून ठेवता येते, तेव्हाही पीएनआर तयार होतो आणि पैसे न भरल्यास आपोआप गळतो. विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून "कन्फर्म" दिसतंय का, ते बघा. एकदा पैसे भरताना आणि पुन्हा आठवड्याने बघा. गटाच्या आरक्षणात प्रवाशांची नावं नंतर भरली जातात, हा बहाणा ऐकला तर नावं भरायची शेवटची तारीख लेखी घ्या. सोलापूरहून आधी रेल्वेने हैदराबाद किंवा चेन्नई गाठायची असल्याने विमान गळलं तर रेल्वेचंही आरक्षण वाया जातं आणि ऐनवेळचं तिकीट दुपटीने घ्यावं लागतं.

रक्कम यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात गेली होती, पावती मात्र फर्मच्या नावाची. पैसे भरताना पडद्यावर येणारं नाव आणि पावतीवरचं नाव एकच हवं. पावतीवरचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाका. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. सहावं अक्षर P असेल तर नोंदणी एका व्यक्तीची, F असेल तर भागीदारीची, C असेल तर कंपनीची. "प्रायव्हेट लिमिटेड" असं छापून सहावं अक्षर P निघालं, तर तिथेच थांबा. नोंदणी रद्द झाली असेल तर तेही पोर्टलवर दिसतं.

खरी अडचण तिथे उतरल्यावर येते. सोलापूरचा एजंट स्वतः काहीच चालवत नाही. तो कोलकाता किंवा चेन्नईच्या घाऊक एजंटाला काम देतो, तो पोर्ट ब्लेअरच्या स्थानिकाला. मधल्या कुणी पैसे अडवले की हॉटेल खोली देत नाही आणि गाडीवाला गाडी काढत नाही. या गटाला हॅवलॉकला खोलीचे पैसे पुन्हा भरावे लागले. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी प्रत्येक हॉटेलला त्यांच्या अधिकृत नंबरवर स्वतः फोन करून विचारा: अमुक तारखेला, अमुक नावाने खोल्या आहेत का, आणि त्यांचे पैसे आले आहेत का? दुसरा प्रश्न विसरू नका. बेटांवर नेणाऱ्या फेरी बोटीचं तिकीट प्रवाशाच्या नावाने निघतं, त्याची प्रत मागा. निदान चौथा हिस्सा रक्कम मुख्य मुक्काम झाल्यावर द्यायचा, हे करारात लिहून घ्या. जो विक्रेता याला तयार होत नाही, तो सोडून द्या.

उत्तर अंदमान खरोखर बघायचं असेल तर कार्यक्रम साधारण असा दिसतो. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर. दुसऱ्या दिवशी बाराटांग करून रंगतला मुक्काम. तिसऱ्या दिवशी मायाबंदर, करमाटांगचा किनारा, तिथेच रात्र. चौथा, पाचवा डिगलीपूर: एक दिवस ओहोटीची वेळ बघून रॉस-स्मिथ, एक दिवस कालीपूर किंवा झेपत असेल तर सॅडल पीक. कालीपूरला हिवाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात. सहाव्या दिवशी परतीचा लांबचा प्रवास, उरलेल्या दोन रात्रींत एखादंच बेट. हॅवलॉक, नील आणि डिगलीपूर तिन्ही आठ रात्रींत देतो म्हणणारा काहीतरी गाळणार हे नक्की.

फसवणूक झालीच तर तिथे असतानाच पुरावा गोळा करा. छापील कार्यक्रमाच्या कडेला रोज प्रत्यक्ष काय दाखवलं ते तारखेनिशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, हॉटेलची बिलं ठेवा, एजंटाशी बोलणं फोनवर न करता मेसेजवर करा. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. जितका उशीर, तितकी रक्कम खात्यातून पुढे सरकते. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार देता येते. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथेच दावा करता येतो, त्यामुळे एजंटाचं ऑफिस पुण्याला असलं तरी सोलापुरात दाखल करा. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. गटाने आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार केली तर कागदपत्रं एकदाच द्यावी लागतात. "पुढच्या टूरमध्ये वळतं करून देतो" अशी क्रेडिट नोट एजंट देऊ करेल. ती स्वीकारून पूर्ण समाधान झाल्याचं लिहून दिलंत, तर तोच कागद तो आयोगासमोर ठेवतो. सही करू नका.