आरसी घेतली, आरसी आलीच नाही

लिहू की नको यात तीन आठवडे घालवले. ऑफिसात ‘सेकंडहँड गाडी घ्यायचीय? मग याला घेऊन जा’ अशी माझी ख्याती आहे. चार जणांच्या गाड्या मी पारखून दिल्या, एकाचीही तक्रार नाही. आणि एका सेकंडहँड बाईकपायी माझे स्वतःचे २,१९,९५० रुपये गेले, तिची आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, माझ्या नावावर झालीच नाही. फोड करून सांगतो: गाडीचे २,०५,०००, मागच्या टायरचे ७,१००, सर्व्हिसिंगचे ४,३५०, आणि ‘नाव ट्रान्स्फर करून देतो’ म्हणून दुकानदाराने वरून घेतलेले ३,५००. वकिलाचे यात धरलेले नाहीत. त्यांच्याकडे येतोच.

रोजच्याला होंडाची शाइन आहे, ती सोडायची नव्हती. रविवारी पहाटे निघायचं, ताम्हिणी नाहीतर पाबे घाट करून अकराच्या आत घरी, एवढ्यासाठी दुसरी गाडी हवी होती. वय ४३. ‘तुझी पाठ बघ, मग गाडी बघ,’ असं बायको म्हणाली होती, तेही इथे नोंदवून ठेवतो, कारण आता ती रोज नोंदवते. आर१५ चालवून पाहिली. घाटात गोड गाडी, पण १५५ सीसी. मला एकदा तरी मोठं इंजिन हवं होतं. निन्जा ३०० चं ट्विन इंजिन लोण्यासारखं, पण पार्टचे भाव ऐकून गप्प बसलो. राहिली केटीएमची आरसी ३९०. मे २०२२ मध्ये नवं मॉडेल आलं तेव्हा एक्स-शोरूम ३,१३,९२२ होती. ३७३ सीसी, ४३.५ पीएस, क्लच न दाबता गिअर टाकायला क्विकशिफ्टर, आणि बनते इथेच, चाकणला. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या बाईकवर जीएसटी ४० टक्के झाला, म्हणजे कोरी घेण्याचा विषयच संपला.

हेच वाक्य दुकानदाराने मला ऐकवलं. ‘साहेब, नव्यांवर ४० टक्के लागलाय. पाडव्यापर्यंत जुनीचे भाव बघा कुठं जातात.’ घाई करायला लावणारा विक्रेता दिसला की उठून यायचं, हे मी इतरांना सांगत आलोय. मी मात्र खुर्ची पुढे ओढली.

गाडी कशी बघितली तेही ऐका, नाहीतर म्हणाल डोळे मिटून घेतली. रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळी आठला न सांगता गेलो. आधी इंजिनला हात लावला, गार होतं. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन असेल तर सुरू होतानाचा त्रास कळत नाही. बरोबर आमचा मेकॅनिक होता, त्याला ५०० रुपये दिले. हँडल एका बाजूला पूर्ण वळवून चॅसिसवरचे स्टॉपर पाहिले, दोन्ही शाबूत. समोरून ठोकलेल्या गाडीचे तिथेच दबतात. फोर्कचे सील कोरडे. हँडलचा कोनसेट कुठे अडकत नव्हता. फेअरिंगच्या आतल्या बाजूने टॉर्च मारला, डकवाडकवी नाही. टायरवरचे चार आकडे वाचले, ३८२२, म्हणजे २०२२ चा अडतिसावा आठवडा. नोव्हेंबरच्या पासिंगला जुळतं. मीटरवर १४,२०० च्या आसपास. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन हिस्ट्री काढली, किलोमीटर टप्प्याटप्प्याने चढत गेलेले, मीटर मागे घेतलेला नाही. मेकॅनिक कानात म्हणाला, ‘दादा, सोडू नका.’

गाडी खरोखर चांगली होती. आजही म्हणेन. माझी सगळी हुशारी लोखंडात होती, कागदाकडे मी पाहुण्यासारखा बघितला.

आता तो क्षण. रात्री झोप उडते ती याच्यामुळे. चहा आला. मी एमपरिवाहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला. विमा चालू, ब्लॅकलिस्ट नाही, चलन एक, ५०० चं. आणि खाली फायनान्स कंपनीचं नाव. गाडीवर कर्जाचा बोजा आहे, असं स्वच्छ दिसत होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी विचारलंही. दुकानदार हसला, ड्रॉवरमधून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधली एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं फायनान्स कंपनीचं पत्र, काढली आणि म्हणाला, ‘लोन फिटलंय साहेब. सिस्टिमला दिसायला महिना जातो. ओरिजिनल आरसी त्याच कामाला आरटीओत आहे.’ लेटरहेड, जांभळा शिक्का, झोकदार सही. तारीख २ ऑक्टोबर २०२५.

मी ती तारीख वाचली. नुसती वाचली नाही, मोठ्याने म्हणालो, ‘वा, दसऱ्याला मोकळी झाली गाडी!’ तो म्हणाला, ‘शुभ आहे साहेब.’

२ ऑक्टोबर. गांधी जयंती, वर २०२५ ला त्याच दिवशी दसरा. देशभर सुट्टी. त्या दिवशी मी स्वतः घरी होतो, शाइन धुऊन तिला झेंडूचा हार घातला होता. कोणत्या ऑफिसातला कोणता बाबू त्या दिवशी एनओसीवर शिक्का मारत बसला असेल, हा प्रश्न इयत्ता चौथीतल्या पोरालाही पडला असता. मला शुभ वाटलं.

टोकन ५,००० यूपीआयने. १,२०,००० एनईएफटीने, दुकानाच्या नावाच्या खात्यात. आणि ८०,००० रोख, कारण ‘पूर्ण बँकेतून दाखवलं तर मला टॅक्स बसतो, तुम्हाला पाच हजार सोडतो’. म्हणजे पाच हजारांसाठी ऐंशी हजारांचा पुरावा मी स्वतःच पुसला. पावती मागितली, तर चिठ्ठीवर ‘बाकी मिळाली’ एवढंच लिहून दिलं. ऐंशी हा शब्द कुठेच नाही. ज्याला रोखच हवी आहे, त्याच्याकडून गाडी घेऊ नका. पाच काय, पंचवीस हजार सोडत असला तरी.

मूळ मालक कुठे, हे मी विचारलं होतं, एवढं तरी पदरात घ्या. ‘बेंगळुरूला जॉब आहे, २९-३० सही करून ठेवलेत.’ फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे नाव ट्रान्स्फरचे अर्ज, सह्या केलेले, बाकी कोरे, कुठल्याही दुकानात पाहायला मिळतात, त्यामुळे मला वावगं वाटलं नाही. सही मालकाची आहे की चहावाल्याची, हे फॉर्म बोलत नाही. ट्रान्स्फरच्या अर्जाचा ओटीपी मालकाच्या मोबाईलवर जातो. तो मालक तुमच्याशी फोनवर बोलत नसेल, तर सौदा झालेलाच नाही असं धरा.

नऊ रविवार गाडी चालवली. त्याबद्दल लिहीत नाही, लिहिलं तर पुन्हा घ्यावीशी वाटेल. मध्ये तीनदा फोन केला: ‘आरसीचं काय?’ एकदा ‘सर्व्हर डाऊन’, एकदा ‘साहेब बदललेत’, तिसऱ्यांदा ‘निघालंय, पोस्टाने येईल’.

१४ डिसेंबर, रविवार. ताम्हिणीच्या रस्त्याला मिसळ खायला थांबलो होतो. दोन गाड्यांवरून तीन पोरं आली, एकाने मोबाईलमध्ये नंबर टाकला, स्क्रीन लाल झाली. रिकव्हरीवाले. सहा हप्ते थकलेले, येणं १,३८,४१२. मी ऐटीत फोनमधली एनओसी दाखवली. त्यातला सगळ्यात लहान पोरगा म्हणाला, ‘काका, आमचा लोन नंबर असा नसतोच.’ काका. त्यांच्याकडे ओळखपत्रं होती, कंपनीचं पत्र होतं, आवाजही चढवला नाही. मित्र म्हणाला, पोलिसांना बोलाव. मला त्या टपरीवर तमाशा नको होता. त्यांनी ‘सरेंडर लेटर’, म्हणजे गाडी स्वतःहून ताब्यात दिल्याचा कागद, पुढे केलं आणि मी सही केली. कर्ज माझं नाही, नाव माझं नाही, आणि सही मात्र माझी! असा कागद पुढे आला तर सही करू नका, तिथूनच ११२ लावा. लाज पाच मिनिटांची असते, ती सही अजून माझ्या मागे आहे.

घरी एसटीने आलो. मित्राची गाडी होती, पण त्याच्या मागे बसायची इच्छा नव्हती. अंगात रायडिंग जॅकेट, गुडघ्याला गार्ड, मांडीवर हेल्मेट. कंडक्टरने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर, आणि काही न विचारता तिकीट दिलं. त्या माणसाचे उपकार आहेत.

दुकानाचं शटर खाली. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, ‘दिवाळीनंतर दिसलेच नाहीत. तुम्ही सहावे.’

मूळ मालकाचा पत्ता रिकव्हरीवाल्यांकडूनच मिळाला. बेंगळुरू कसलं, माझ्या घरापासून सहा किलोमीटरवर राहतो. सव्वीस वर्षांचा मुलगा, नोकरी गेलेली. ऑगस्टमध्ये ५०० च्या स्टँप पेपरवर ‘पार्क अँड सेल’ लिहून गाडी दुकानात लावली होती: विकली की दुकानदाराने कर्ज फेडायचं आणि उरलेले याला द्यायचे. हातात २०,००० मिळाले. गाडी विकली गेलीय हेच त्याला माहीत नव्हतं म्हणे. खरं बोलतो की नाही, देव जाणे. त्याच्या आईने मला चहा दिला आणि मी तो प्यायलो.

आता सरकारी दरबार.

पहिल्या पोलीस चौकीत सांगितलं, दुकान आमच्या हद्दीत नाही. दुकानाच्या हद्दीतल्या ठाण्यात सांगितलं, गाडी उचलली घाटात, तिकडे जा. घाटातल्या ठाण्यात सांगितलं, ते तर कर्जवसुलीचं आहे, गुन्हाच नाही. मी म्हटलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवून घ्यावी लागते. अंमलदार म्हणाले, ‘एवढं वाचता, मग एनओसी नाही वाचली?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते त्यांना कळलं. परत दुकानाच्या हद्दीत. ‘सिव्हिल मॅटर आहे, अर्ज देऊन जा.’ खोटा शिक्का, खोटं लेटरहेड, सहा माणसं लुबाडली गेली, आणि म्हणे सिव्हिल! फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माझ्यापुरतं ते कलम अजून लागू व्हायचं होतं बहुतेक. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मिळवायला तीन फेऱ्या. चौथ्या फेरीत साहेबांनी सरेंडर लेटर पाहिलं: ‘तुम्हीच सही करून दिलीय की!’ पाचव्या फेरीला साहेब बंदोबस्ताला. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तर हा सायबर गुन्हा नाही, तुम्ही स्वतः जाऊन पैसे दिलेत. हे मात्र खरं आहे.

आरटीओत तर कहरच. तिथे गेल्यावर कळलं की १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या दुकानदाराला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २९ बी. गाडी दुकानात आली की मालकाने आणि दुकानदाराने तसं ऑनलाइन कळवायचं असतं, फॉर्म २९ सी. नियम उत्तम आहे. दुकान भर रस्त्यावर, वर वीस फुटी फ्लेक्स. खिडकीतले गृहस्थ कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले, ‘या दुकानाची आमच्याकडे नोंदच नाही.’ मग कारवाई करा ना! ‘नोंद असती तर रद्द केली असती. नोंदच नाही तर काय करणार?’ मी ते वाक्य लिहून घेतलं, घरी जाऊन पुन्हा वाचलं, तरी समजलं नाही. तुम्ही जाल तिथे आधी ते २९ बी दाखवायला सांगा, चहा नंतर.

फायनान्स कंपनीच्या कस्टमर केअरचं एकच पालुपद: ‘सर, आपण आमचे कस्टमर नाही, माहिती देता येणार नाही.’ मला सांगा, मी ऑक्टोबरात एनओसी खरी आहे का म्हणून फोन केला असता, तर हेच ऐकलं असतं ना? म्हणजे चूक माझी एकट्याची कशी? बायको म्हणते, शाखेत जायचंस, मालकाला बरोबर घेऊन. बरोबर आहे तिचं. मालकासह शाखेत जा, बोजा उतरल्याचं एमपरिवाहनवर दिसेपर्यंत टोकनपलीकडे एक रुपया देऊ नका. एनओसी आणि सही केलेला फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवण्याचा अर्ज, हातात असला तरीही. महिना लागतो म्हणतात ना, लागू दे महिना. गाडी कुठे जात नाही, गेली तर दुसरी आहे.

वकिलांनी १,५०० रुपये घेऊन सांगितलं की ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तक्रार केलीय. नोटीस बंद शटरच्या पत्त्यावर गेलीय.

परवा जप्त गाड्यांच्या यार्डातून फोन आला. गाडीचा लिलाव आहे, फायलीत माझं नाव सरेंडर करणारा म्हणून आहे, आणि दुसरी चावी मिळाली तर भाव बरा येईल. चावी माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. मी म्हटलं, देतो, आधी एनओसी दाखवा. पलीकडचा माणूस गंभीरपणे म्हणाला, ‘कसली एनओसी, सर?’ आणि मी फोन ठेवला.