ईबर्ड: टेकडीवर जाणाऱ्यांनी फोनात ठेवावंच असं अ‍ॅप

पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा फोटो पडला की धडाधड अंगठे येतात आणि दुसऱ्या दिवशी सुप्रभातच्या फुलांखाली तो गाडला जातो. कुठे दिसला, किती वाजता, बरोबर आणखी काय होतं, कुणी विचारत नाही. दिसलेल्या पक्ष्यांची नोंद ठेवणारं ईबर्ड नेमकं तेच विचारतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे काम २००२ पासून चालू आहे. अ‍ॅप फुकट आहे.

मी ते पुण्यातल्या वेताळ टेकडीवर वापरते. चढायला लागताना यादी सुरू करायची. वेळ आणि अंतर ते आपलं आपण मोजतं. नावाशेजारी बोट लावलं की आकडा एकाने वाढतो. बुलबुल, कोतवाल, वेडा राघू इथवर सोपं. खाणीवरून पोपटांचा थवा कलकलाट करत गेला की मात्र दहांचा एक घोळका नजरेत धरायचा आणि तसे किती गेले याचा अंदाज बांधायचा. सवयीने जमतं.

खरी मेख शेवटच्या प्रश्नात आहे: ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? ‘हो’ म्हणायचं तर कावळा, साळुंकी काहीच गाळून चालत नाही. आमच्या मंडळींना याचाच कंटाळा. पण त्या ‘हो’मुळे न दिसलेल्या पक्ष्यालाही किंमत येते. यादीत तित्तर नाही म्हणजे तो लिहायचा राहिलेला नाही, दिसला किंवा ऐकू आलाच नाही. अशा याद्या साठल्या की कोण कमी होतंय ते कळतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल ३०,००० हून जास्त निरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे; त्यात ९४२ जातींचा आढावा आहे.

आकडा फार मोठा वाटला किंवा पक्षी त्या जागी अनपेक्षित असला तर अ‍ॅप टोकतं. मग स्वयंसेवक परीक्षक मेलवर वर्णन किंवा फोटो मागू शकतात. पुणेकराला ‘नक्की ना?’ विचारायचं म्हणजे धाडसच, पण रागावू नका, नोंदींना वजन त्यामुळेच आहे. कॉर्नेलचंच मर्लिन हे दुसरं अ‍ॅप आवाजावरून पक्ष्याचं नाव सुचवतं. ते तसंच्या तसं उतरवू नका, पक्षी शोधा. जीपीएस बॅटरी खातं, पॉवर बँक ठेवा.

तक्रार आहे ती आपल्या लोकांबद्दल. थंडीत चक्रवाक आणि थापट्या ही बदकं बघायला पुण्याजवळ मुळा-मुठेकाठच्या कवडीपाटला कॅमेऱ्यांची रांग लागते. मे महिन्यात तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. मुळा-मुठेचं काय चाललंय हे समजायला उन्हाळ्यातल्या याद्याही लागतात, अगदी चार टिटव्या आणि दोन शेकाटे असले तरी.

एवढं लांब जायचं नसेल तर फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते. निदान पंधरा मिनिटं मोजायचं, घराच्या बाल्कनीतूनही चालतं. पारवे मात्र सगळे धरावे लागतील.