समुद्री शेवाळाचा अर्क: स्ट्रॉबेरीला पाच महिने दिल्यानंतर

डिसेंबरात एका दुपारी शेवटच्या चार बेडवरच्या रोपांनी माना टाकल्या. मल्चिंगच्या (बेडवर अंथरलेल्या) कागदाखाली हात घातला तर माती कोरडी. ड्रीपचा डिस्क फिल्टर उघडला, तर चकत्यांमध्ये जेलीसारखा तपकिरी, चिकट गाळ. कॅनवर ‘पूर्ण विद्राव्य’ छापलंय म्हणूनच मी जास्त पैसे मोजून हाच अर्क घेतला होता.

पाचगणीजवळ आमची दहा गुंठे ‘विंटर डॉन’ जातीची स्ट्रॉबेरी आहे, पाच-साडेपाच हजार रोपं. पोरं बांधावरूनच फळ तोडून तोंडात टाकतात, म्हणून यंदा रासायनिक कीटकनाशक बंद केलं. रोपं लावल्यापासून दर पंधरा दिवसांनी अर्क ड्रीपमधून, अधूनमधून लिटरला दोन मिली पानांवर.

दुकानदार म्हणाला, “तुमच्या विहिरीचं पाणीच जड आहे,” आणि कॅन परत घेईना. कंपनीचा माणूस तीन दिवस फोन उचलत नव्हता. त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर ‘घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं.

मग घरी तीन बरण्या मांडल्या, तिन्हीत विहिरीचंच पाणी. नुसता अर्क स्वच्छ विरघळला. 12:61:00 या विद्राव्य खताबरोबरही काही झालं नाही. कॅल्शियम नायट्रेट टाकलं आणि पाच मिनिटांत तंतू धरले. तपकिरी शेवाळात अल्जिनेट असतं, कॅल्शियम मिळालं की त्याची जेली होते. फळ टणक राहावं म्हणून नोव्हेंबरपासून मी दोन्ही एकाच टाकीत सोडत होतो. चूक माझी, पण ‘कॅल्शियमसोबत मिसळू नये’ ही एक ओळ लेबलवर का नाही? डोस तीन भाषांत छापलाय, ही ओळ एकाही भाषेत नाही. शेतकऱ्याचं पीक त्या ओळीवर उभं असतं.

आता गुण. दोन बेड मुद्दाम अर्काविना ठेवले होते. पहिल्या तोड्यांत काडीचाही फरक नव्हता, पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीनंतर मात्र अर्कवाल्या बेडवर नवी पानं लवकर फुटली, फळंही मोठी राहिली. इथे माझं मत बदललं.

लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) मात्र दोन्हीकडे सारखाच आला. 2021 मध्ये केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात आलेली, या अर्कासारखी जैव-उत्तेजकं झाडाला ताण सोसायला मदत करतात, कीड मारत नाहीत. दुकानात ‘फवारणीच लागणार नाही’ म्हणून विकतात, ते खोटं आहे. कोळ्यासाठी खालची जुनी पानं काढली आणि मधमाश्या परतल्यावर संध्याकाळी पानांच्या खालून निंबोळी तेल मारलं. राखाडी बुरशीची फळं रोज वेगळ्या बादलीत वेचून शेताबाहेर नेली. यंदा कीड आवरली ती या मजुरीने.

पुढच्या हंगामात घेईन, पण लिटरचाच कॅन. कॅल्शियम वेगळ्या दिवशी, आणि मध्ये पंधरा मिनिटं नुसतं पाणी. चारपैकी तीन बेड सावरले. चौथ्यातली साठेक रोपं गेली, त्याची भरपाई अजून कुणी दिलेली नाही.