शीआनचं बेईलिन: दगडावरचं हस्ताक्षर

चिनी एक अक्षर येत नाही, तरी चीनमधल्या शीआन शहरातल्या बेईलिन संग्रहालयात तीन तास कसे गेले कळलं नाही. 1087 साली जमवायला सुरुवात झालेलं हे शिलालेखांचं जंगल. पहिल्याच दालनात 837 सालचे कन्फ्युशियन ग्रंथ, 114 शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरलेले. तिथे फार रेंगाळू नका. सुबक आहे, पण शेवटी पाठ्यपुस्तकच.

खरी मजा सुलेखनकार यान झेनचिंगपाशी. 752 सालची त्याची दुओबाओ शिळा बघा: घट्ट, नीटस, वहीतल्यासारखी. मग 779 सालची, त्याने पणजोबा यान छिनलीसाठी लिहिलेली. हात तोच, वय सत्तरीतलं. आडव्या रेघा बारीक, उभ्या खांबासारख्या जाड आणि किंचित बाहेर फुगलेल्या. मी शाळेत बोरूने कित्ते गिरवलेले. टोक कुठे दाबलं आणि कुठे उचललं, हे अर्थ न कळताही दिसतं. बोटाने हवेत गिरवून पाहिलं, रखवालदार हसला.

झांग शू या दुसऱ्या सुलेखनकाराच्या नावावरची शिळा तर भन्नाट. मजकूर काय, तर अचानक पोटात दुखू लागलंय! सुरुवात ठळक, मग अक्षरं एकमेकांत गुंतत सुसाट पळतात. मोडी वाचणाऱ्यांना ही धाव ओळखीची वाटेल.

ओला कागद शिळेवर बसवून, शाईची गादी थोपटत ठसा घेतात. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात. मी एक छोटा ठसा आणला. बायको म्हणाली, "उलटा लावलायस." खरंच उलटा होता.