हँडब्रेकचा दांडा घट्ट लागत होता, तरी गाडी उतारावर सुटली

पिकअपच्या मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून घ्यायचा विचार असेल, तर आधी माझं काय झालं ते वाचा.

माझी गाडी भाजीपाला वाहते, हंगामात द्राक्षं. पावसाळ्यात वाशीला जाताना कसारा घाटात मागच्या ड्रममध्ये पाणी शिरायचं, ब्रेक एका बाजूला ओढायचा. नाशिकमधल्याच एका गॅरेजवाल्याने डिस्क सुचवली. हँडब्रेकचं काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. ड्रममध्ये केबल आतला लिव्हर ओढते आणि लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ड्रमवर दाबले जातात. ड्रम गेला की केबल अडकवायला जागाच उरत नाही. त्यासाठी हँडब्रेकचा लिव्हर असलेलाच कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारा भाग) लागतो, नाहीतर डिस्कच्या मधल्या वाटीत छोटे लायनर बसणारा सेट. "भाऊ, लिव्हरवालाच कॅलिपर आहे, निर्धास्त राहा. पासिंगलाही अडचण नाही," असं तो म्हणाला. 42,000 रुपये घेतले. बिल मागितलं तर "नंतर देतो".

गाडी घेताना मी हँडब्रेक ओढून पाहिला. कटकट आवाज आला, दांडा घट्ट झाला, मीटरवरचा लाल दिवाही लागला. मी समाधानाने घरी आलो.

तिसऱ्या आठवड्यात दिंडोरीकडे एका बागेत चढावर गाडी लावून क्रेट भरत होतो. हँडब्रेक पूर्ण ओढलेला होता आणि गाडी मागे सरकायला लागली. मागे क्रेट देणारा पोरगा उभा होता. त्याच्या मामाने दंडाला धरून ओढलं म्हणून तो वाचला. गाडी बांधाला जाऊन टेकली. त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

परत गेलो तर गॅरेजवाला म्हणाला, केबल ढिली झाली असेल. केबलला हात न लावता त्याने डॅशबोर्डखाली एक व्हॉल्व्ह बसवला आणि वर 3,500 घेतले. पेडल दाबायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, ऑईलचा दाब आत अडकून राहतो, ही म्हणे नवीन सिस्टीम. संध्याकाळी घरासमोरच्या उतारावर गाडी थांबली. चाकापासून हातभर अंतरावर मी दगड ठेवला होता, ती आता सवयच झाली होती. सकाळी चाक दगडाला टेकलेलं! रात्री ऑईल गार होऊन आकसतं, सीलमधून थोडंफार झिरपतं, दाब उतरतो आणि गाडी सुटते. ऑईल अडकवून ठेवणं म्हणजे हँडब्रेक नव्हे. हँडब्रेक तारेने किंवा दांड्याने, ऑईलशिवाय लागला पाहिजे.

शेवटी सातपूरच्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पुढच्या चाकांना दगड लावले, मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घेतली, मला हँडब्रेक ओढायला लावला आणि चाक हाताने फिरवलं. गरगर फिरलं. खाली वाकून पाहिलं तर केबलचं टोक क्लॅम्पने ॲक्सललाच आवळलेलं. म्हणून दांडा घट्ट लागत होता. दिवा तर दांड्याखालच्या स्विचवर लागतो, त्याचा चाकाशी संबंधच नाही. कॅलिपर कुठल्यातरी जुन्या कारचे पुढचे, रंग मारलेले. तेही डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, त्यामुळे हवा काढायचा निपल खाली आलेला आणि वर हवा अडकलेली. पेडल स्पंजासारखं का लागत होतं, ते तेव्हा कळलं.

पूर्ववत करायचं म्हटलं तर माझे ड्रम, प्लेटा, लायनर त्याने भंगारात विकलेले. सगळा सेट पुन्हा शोधून बसवायला 19,000 गेले. काढलेला माल त्याच दिवशी गाडीत टाकून घरी आणायला हवा होता, ही माझी चूक. दुसरी चूक म्हणजे मी आरटीओत विचारलंच नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मुळे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल परस्पर करता येत नाहीत.

बिल नाही, पण पैसे यूपीआयने दिले होते. त्या नोंदी आणि क्लॅम्पचे फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.

त्या गॅरेजमध्ये माझ्यासमोर आणखी दोन पिकअपचं हेच काम चालू होतं. त्या गाड्यांचे मालक कोण, मला माहीत नाही. नाशिकमध्ये अलीकडे मागे डिस्क बसवून घेतली असेल, तर आजच चाकं उचलून, हँडब्रेक ओढून, हाताने फिरवून बघा. तोवर गाडी चढावर लावू नका आणि मागे कोणाला उभं करू नका.