बांधकाम चालू असलेला फ्लॅट की सोळा वर्षं जुना रिसेल? ७५ लाखांचा हिशोब

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी पुण्यात एकवीस फ्लॅट पाहिले. शेवटी दोन उरले. एक पुनावळ्यात, बांधकाम चालू, आठव्या मजल्यापर्यंत स्लॅब पडलेला. दुसरा वारज्यात, २००९ सालच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, रिसेल. दोन्ही टू बीएचके, आणि घासाघीस होऊन दोन्हींचा भाव ७५ लाखांवर आला.

बाजार पुढे चढेल की बसेल, हे आम्हाला कुणीही छातीठोकपणे सांगू शकलं नाही. एजंट म्हणायचे आत्ताच घ्या, ऑफिसातले म्हणायचे वर्षभर थांबा. मग आम्ही ठरवलं की भावाचा अंदाज बांधत बसायचं नाही. अंदाज चुकला तर भुर्दंड कोणाच्या खिशातून जाणार, एवढंच दोन्हीकडे तपासायचं. हाच प्रश्न तुमच्यासमोर असेल तर आमचे आकडे तुमच्या कामी येतील.

आधी घर हातात येईपर्यंतचा खर्च. पुनावळ्याच्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख ७५ हजार. मुद्रांक शुल्क पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये अधिभारांसह ७ टक्के, म्हणजे ५ लाख २५ हजार. नोंदणी ३० हजार. एकूण ८४ लाख ३० हजार. वारज्याला जीएसटी नाही. मुद्रांक आणि नोंदणी तेवढीच, सोसायटीचा हस्तांतरण प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, एजंटचा एक टक्का ७५ हजार. हे झाले ८१ लाख ५५ हजार. वर ओटा, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, वायरिंग, रंग यांना आम्ही तीन लाख धरले. बेरीज जवळपास सारखीच आली. खरेदी फक्त बाईच्या नावावर केली तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते, ती दोन्हीकडे सारखी. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही, ते पदरचेच घालावे लागतात, हे मात्र सुरुवातीलाच ध्यानात घ्या.

खरा फरक पडतो तो तारखेमुळे.

पुनावळ्याच्या सेल्स ऑफिसमधला मुलगा ‘डिसेंबर २०२७ ला ताबा’ असं सांगत होता. ब्रोशरवरही तेच. घरी येऊन महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला, तर पूर्णत्वाची तारीख निघाली डिसेंबर २०२८. तुमचा कायदेशीर हक्क करारनाम्यात लिहिलेल्या तारखेपासून सुरू होतो आणि करारनाम्यात बहुधा नोंदणीचीच तारीख येते. म्हणजे तोंडी सांगितलेल्या तारखेनंतरचं एक वर्ष आपल्याला मुकाट्याने काढावं लागलं असतं. तारीख आधी एकदा वाढवून घेतलेली आहे का, हेही त्याच पानावर दिसतं. ते न बघता टोकन देऊ नका.

आता त्या काळातला खर्च. आमचं भाडं महिना २४ हजार. कर्ज ६० लाख, व्याज ८ टक्के धरलं. महाराष्ट्रातल्या नमुना करारनाम्याप्रमाणे सगळे स्लॅब पडेपर्यंत बिल्डर ७० टक्क्यांपर्यंत रक्कम मागू शकतो. उशीर तर त्यानंतरच होतो. प्लास्टर, लिफ्ट, अग्निशमनाची परवानगी, पाण्याची जोडणी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला). तोवर आपलं बहुतेक कर्ज उचललेलं असतं. सगळं उचललं गेलं की नुसतं व्याज महिना ४० हजार, वर भाडं २४ हजार. ताबा लांबला की प्रत्येक महिना ६४ हजारांचा. दहा महिने म्हणजे ६ लाख ४० हजार, आणि यातला एक रुपयाही मुद्दलातून कमी होत नाही.

रेरा कायद्याने खरेदीदाराला मोठा आधार दिला आहे, हे मी मनापासून मानते. मे २०१७ पासून महाराष्ट्रात नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, उशीर झाला तर व्याज किंवा व्याजासह परतावा मागता येतो, बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरवर राहते. पण महारेराकडून आदेश मिळणं आणि पैसे खात्यात येणं यांत अंतर आहे. बिल्डरने रक्कम दिली नाही की वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथून पुढे पाठपुरावा आपणच करायचा. आमच्या नात्यातल्या एकांच्या हातात आदेश आहे, घर नाही. दोन लेकरांना घेऊन ते अजून भाड्याच्याच घरात राहतात. म्हणून हा धोका मी कागदावरचा समजत नाही.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुनावळे, ताथवडे, हिंजवडी या पट्ट्यातली मागणी मुख्यतः आयटीवर उभी आहे. आमच्या घरातला एक पगारही आयटीतलाच. मंदी आली तर पगारावर गदा आणि घराच्या भावाला उतार, दोन्ही एकाच वेळी येणार. विकायला काढलं तर शेजारीच त्याच बिल्डरचा पुढचा टप्पा नव्या ऑफरसह उभा असणार. वारज्यात मोकळी जमीन फारशी उरलेली नाही. तिथलं गिऱ्हाईक बँकेतलं, शाळेतलं, दुकानदार, निवृत्त, असं मिश्र आहे. भाव तिथेही पडू शकतो, पण एका उद्योगाच्या धक्क्याने सगळे गिऱ्हाईक एकदम नाहीसे होणार नाहीत.

रिसेल म्हणजे निर्धोक असं मात्र अजिबात समजू नका. तिथला धोका कागदात आणि भिंतीत असतो, पण पैसे देण्याआधी तो शोधता येतो.

आम्ही वारज्याला तीनदा गेलो. दुसऱ्यांदा मुद्दाम भर पावसात, सकाळी साडेसातला. बाथरूमच्या छतावर नवा रंग होता, पण कोपऱ्यात बोट घासलं तर पांढरा क्षार बोटाला लागला. वरच्या मजल्यावरून गळती. खाली वॉचमनला विचारलं, टँकर किती येतात? एप्रिल-मे मध्ये दिवसाआड एक, बाकी वर्षभर महापालिकेचं पाणी. नोटीस बोर्डावर थकबाकीदारांची यादी होती, सत्तर घरांत तीन नावं. या तीन गोष्टी एजंटने सांगितल्या नव्हत्या. गळतीवर बोट ठेवूनच आम्ही ७७ वरून ७५ वर आणलं.

कागदांत चार गोष्टी बघा. भोगवटा प्रमाणपत्र. पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करारनामे आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा त्या व्यवहाराचा उतारा. भाग दाखला, म्हणजे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. आणि अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का. झाली नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा अर्ज तरी केलेला असावा, नाहीतर उद्या पुनर्विकासाच्या वेळी सगळं अडतं. पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण सोसायटीच्या उपविधींप्रमाणे पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं, त्याचा अहवाल मागा. जुन्या करारनाम्यात भिंती धरून बिल्ट-अप क्षेत्र असतं, तेव्हा टेप घेऊन कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, स्वतः मोजा. आणि मालक ‘थोडे रोख द्या’ म्हणाला तर तिथूनच उठा. व्यवहार ५० लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावचा कर, त्याच्या रकमेतून आपण कापून भरायचा असतो. मालक परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळा आणि रक्कम बरीच मोठी, तिथे सीएला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तयार पण न विकलेला नवा फ्लॅट हाही एक पर्याय आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर त्याला जीएसटी लागत नाही, पण ती बचत भावात मिळवलेली असते. तो का उरला आणि दाखला त्याच विंगचा आहे का, एवढं विचारा. नोकरीचंच नक्की नसेल तर भाड्याने राहणं शहाणपणाचं. ७५ लाखांच्या घराचं भाडं २४ हजार म्हणजे वर्षाला किमतीच्या चार टक्क्यांहून कमी.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट कोणी घ्यावा? ज्यांचं सध्याचं घर स्वतःचं आहे, करारातल्या तारखेनंतरही वर्षभर थांबायची ऐपत आहे, आणि नवी लिफ्ट, पार्किंग, मुलांना खेळायला मैदान यांची खरी गरज आहे, त्यांनी जरूर घ्यावा. सगळे स्लॅब पडलेली इमारत मिळाली तर उत्तम.

हप्त्याचा हिशोब मात्र आजच्या दरावर करू नका. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्याच्या मागे गृहकर्जाचा दर जातो, मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५, जून २०२५ मध्ये पुन्हा ५.५. साठ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता ८ टक्क्यांनी ५० हजारांच्या आसपास येतो, साडेनऊने जवळपास ५६ हजार. आम्ही विसार देण्याआधी चार महिने ५६ हजार खरोखर बाजूला काढून बघितले. तिसऱ्या महिन्यात आईच्या दवाखान्याचा खर्च आला, तरी जमलं. मग वारज्याच्या मालकांना फोन केला.