डायपरखाली काय लावावं: जेली, झिंक, डायमेथिकोन की फिल्म स्प्रे?

डायपर वापरणाऱ्या मोठ्या माणसासाठी मलम निवडण्याआधी एकच पाहा: नुसती लघवी होते, की पातळ शौचही? निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. डायपरमध्ये साचलेल्या लघवीपासून अमोनिया होतो, ती आम्लता मोडते आणि शौचातली पाचकद्रव्यं कातडीवर जास्त जोमाने काम करू लागतात. म्हणून जुलाब असलेल्या माणसाची जांघ फार लवकर सोलवटते.

पेट्रोलियम जेली स्वस्त आणि कुठेही मिळणारी. पाणी चांगलं अडवते, पण डायपरच्या अस्तराला लागते. थर जाड झाला की डायपर लघवी शोषत नाही आणि ओल त्वचेपाशीच राहते. डायमेथिकोनचं (एक प्रकारच्या सिलिकोनचं) क्रीम इतकं चिकटत नाही. लघवीपुरताच प्रश्न असेल आणि कातडी अखंड असेल तर आमची पसंती त्यालाच; मात्र थर पातळ हवा.

जुलाबात झिंक ऑक्साइडची घट्ट पेस्ट जास्त भक्कम. तिचा घोळ काढताना होतो. पांढरा थर पूर्ण निघावा म्हणून लोक घासतात आणि त्या घासण्यानेच कातडी निघते. मळलेला वरचा थर तेवढा टिपा, खालचा राहू द्या, त्यावरच नवा लावा. दिवसातून एकदा लिक्विड पॅराफिनमध्ये (औषधी खनिज तेलात) भिजवलेल्या कापसाने सगळा थर हळूच काढून कातडी नीट बघा, कारण पांढऱ्या थराखाली लाली दिसत नाही.

कातडी ओलसर, सोलवटलेली असेल तर मलम धरतच नाही. तिथे अल्कोहोलविरहित फिल्म स्प्रे, म्हणजे सुकल्यावर कातडीवर पातळ पापुद्रा धरणारा फवारा. महाग आहे, पण एकदा मारला की साधारण १ ते ३ दिवस टिकतो. फवारल्यावर सुकेपर्यंत मांड्या लांब धरा, नाहीतर घडी एकमेकींना चिकटते. खाली जेली किंवा क्रीम असेल तर फिल्म बसणारच नाही.

यातलं काहीही निवडा, धुणं चुकलं तर उपयोग शून्य. साध्या साबणाच्या वडीचा सामू (pH) साधारण ९-१० असतो, म्हणजे ती अल्कधर्मी, त्वचेची आम्लता मोडणारी. असा साबण आणि डेटॉल दोन्ही टाळा. कोमट पाणी, सौम्य क्लेन्झर, मऊ सुती कापड. घासायचं नाही, टिपायचं. टाल्कम पावडर ओल्या घडीत गोळा होऊन खरखरते, तीही नको.

लालीच्या कडेने सुट्या बारीक पुळ्या दिसल्या तर बहुधा बुरशी आहे, डॉक्टरांना दाखवा. दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम स्वतःहून आणू नका: खाज थांबते, पण बुरशी पसरते. माकडहाडावरची लाली बोटाने दाबूनही पांढरी पडत नसेल तर ती दाबाच्या जखमेची सुरुवात समजा. तिथे मलमाने भागत नाही. त्या जागेवरचा भार लगेच काढा, कूस बदलत राहा आणि नर्स किंवा डॉक्टरांना बोलवा.